पाच गुणांचे वाक्प्रचार

यमुनाबाई सारंग, वय त्रेचाळीस,
सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलेल्या.
पिरावाडीहून सातला चालत येतात,
पदराला कालवांचा वास,
वहीला मात्र कोरं खाकी कव्हर, त्यावर स्टिकर:
नाव, इयत्ता, विषय.
पुढचा बाक रिकामा असला तरी
दाराजवळ बसतात.
तिथून खाडी ऐकू येते.

मी घाटावरचा. तासाला दीडशे रुपये.
फळ्यावर लिहितो: एल्बो ग्रीस.
शब्दशः कोपराचं वंगण, अर्थ अंगमेहनत.
बाई आपलं कोपर उलटं करून बघतात,
शिंपांच्या धारेनं चिरलेलं.
‘वंगान असता तर सर, दुखला असता कित्याक?’

पुढचा.
मध्यरात्रीचं तेल जाळणं, म्हणजे
रात्र रात्र जागून अभ्यास.
‘तेल कोणाचा? सोसायटीचा, की उधारीचा?’
मागच्या बाकावरची पोरं हसतात.
बाई हसत नाहीत. त्यांचा नवरा
त्या वेळी बारा वाव पाण्यात असतो
आणि डिझेलचा हिशेब घरी तांदळाच्या डब्यावर
खडूनं लिहिलेला.

एक मैल जास्त चालणं
त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं:
‘मासो मैलान गावना नाय, वावान गावता.’

मग मी आपल्या भाषेच्या आडोशाला गेलो.
म्हटलं, सोपं आहे बाई,
आपण म्हणतो ना, आकाशपाताळ एक करणे?
त्या जरा वेळ गप्प.
‘आभाळ नि दर्या एक झालो काय
होडी वर ओढून घेतत, सर.
त्या दिवशी काम नसता.’

मी डस्टर शोधू लागलो. ते हातातच होतं.

शेवटचा राहिला होता:
लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड.
एकही दगड उलटल्यावाचून सोडू नये.
हा तरी जमेल, मी मनात म्हटलं,
आयुष्य दगडांतच गेलंय यांचं.
पोरांनी लिहून घेतलं. बाईंचं पेन वर राहिलं.
‘उलटूचा लिवलाहा.
परत ठेवूचा खंय लिवलाहा?’

पुस्तकात नव्हतं.

अमावास्येच्या रविवारी, सुकतीला,
मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाडीच्या तोंडाशी गेलो.
एक दगड उलटला, माझ्या टिफिनच्या डब्याएवढा.
खाली काहीतरी पारदर्शक पळालं,
काहीतरी चिकटूनच राहिलं,
नखाएवढी कुर्ली हात वर करून उभी राहिली,
वर्गात उत्तर येत असल्यासारखी.
मला तिच्याकडून काहीच नको होतं.
मी पुढच्या दगडाकडे वळलो.

‘सर!’
इतक्या मोठ्यानं मला हेडमास्तरही कधी ओरडले नव्हते.
बाई आल्या, ओणव्या झाल्या,
दगड दोन्ही हातांनी धरून
ओली बाजू खाली, शेवाळाची वर,
होता त्याच खाचेत बसवला,
झोपलेल्या पोरावर गोधडी सारखी करावी तसा.
‘ऊन लागला काय मरतत.
घर असता ता.’
आणि मग, थोडं हळू,
कारण शेवटी मी त्यांचा मास्तर होतो:
‘फुडल्या वर्साक खावचा काय मग?’

नंतर मी मागे वळून माझी पावलं पाहिली.
दोन दगड अजून उताणे होते.
ते मी न सांगता नीट केले.
एक बहुतेक चुकीच्या खाचेत.

मार्चमध्ये मालवणला पेपर.
दोनला त्या बाहेर आल्या, पॅड छातीशी धरून.
‘इलो तो दगड,’ म्हणाल्या,
‘वाक्यात उपयोग करा म्हणून.’
काय लिहिलंत?
त्यांनी डोळे मिटून म्हणून दाखवलं:
आय टर्न द स्टोन. आय कीप द स्टोन बॅक.
‘गुण देतीत?’

कीप नाही, पुट.
जिभेवर आलं होतं.

पण अडीचची आचऱ्याची एसटी लागली होती
आणि साडेचारची सुकती.
बाई खिडकीशी बसल्या,
पॅड मांडीवर उलटं ठेवलं,
मग लक्षात येऊन
सुलटं केलं.